टीईएफचं बाळ: ऑपरेशनपेक्षा भूल अवघड असं का म्हणतात?

वारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला परवा मुलगा झाला. वजन २ किलो ३०० ग्रॅम. जन्मल्यावर व्यवस्थित रडला, रंगही चांगला होता. पण तोंडातून सारखा फेस यायचा. सिस्टरनी पुसला की पुन्हा तेच. पहिलं दूध पाजताना ठसका लागला आणि ओठ निळे पडले. तिथल्या डॉक्टरांनी लगेच तोंडातून नळी घालून पाहिली, ती दहा-अकरा सेंटिमीटरवर अडली. एक्सरेमध्ये नळी वरच गुंडाळी होऊन बसलेली दिसली. निदान असं की अन्ननलिका मध्येच बंद आहे आणि तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला आहे, म्हणजे टीईएफ (ट्रॅकिओ-इसोफेजिअल फिस्टुला). पुण्याला आणलंय. उद्या सकाळी ऑपरेशन.

सर्जननी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. नंतर भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. संमतीपत्रावर सही घेताना म्हणाल्या, "यात कापण्या-शिवण्याइतकीच, कधी कधी त्याहून जास्त जोखीम भुलीत असते." तेव्हापासून दाजी कुणाशी बोलत नाहीत. भूल म्हणजे इंजेक्शन देऊन झोपवणं, एवढंच आम्हाला ठाऊक. नेमकं अवघड काय आहे, कुणी समजावून सांगेल का? आणि ज्यांच्या घरी असं बाळ झालंय त्यांनी पुढचंही सांगा, चांगलं-वाईट दोन्ही.

सायली_नगर

दादा, बाळाला आणि ताईला खूप शुभेच्छा. माहिती काही नाही, पण इथे जाणकार आहेत, धागा वर राहावा म्हणून लिहिते.

भूलशास्त्री

मी भूलतज्ज्ञ आहे, नवजात बाळांच्या केसेस नेहमी करते. त्या मॅडमनी खरं तेच सांगितलं. घाबरवायला नाही, तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही म्हणून.

मोठ्या माणसाला भूल देताना आम्ही आधी झोपवतो, स्नायू ढिले करणारं औषध देतो, मास्क लावून बॅगने थोडे श्वास देतो आणि मग नळी घालतो. तुमच्या भाच्यात हा क्रम तसाच चालवता येत नाही. त्याच्या श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीला भोक आहे आणि ते थेट जठराकडे उघडतं. पाणी उतार शोधतं तशी हवा कमी विरोधाची वाट शोधते. बॅग दाबली की फुप्फुसांऐवजी पोट फुगू लागतं. पोट फुगलं की छाती-पोटामधला पडदा वर रेटला जातो, फुप्फुसांना जागा उरत नाही, मग बॅग आणखी जोरात दाबावी लागते, आणि पोट आणखी फुगतं. दिवस न भरलेल्या, फुप्फुसं कडक असलेल्या बाळात हे चक्र फार वेगाने फिरतं. जठर फुटलेलीही उदाहरणं आहेत. शिवाय जठरातलं आम्ल त्याच भोकातून उलट फुप्फुसात येतं ते वेगळंच.

म्हणून आमच्यापैकी बरेच जण बाळाचा स्वतःचा श्वास चालू ठेवून, हळूहळू गॅसने झोपवतात आणि नळी योग्य जागी बसल्याची खात्री होईपर्यंत ढिलं करणारं औषध देत नाहीत.

आता "योग्य जागी" म्हणजे काय ते बघा. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांब. हे भोक, म्हणजे फिस्टुला, बहुतेक वेळा अगदी खाली, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात त्या कॅरिनाच्या जरा वर. नळीचं टोक भोकाच्या पुढे आणि फाट्याच्या अलीकडे हवं. हातात उरतात काही मिलिमीटर. नळी मुद्दाम खोल, उजव्या फुप्फुसात घालायची आणि डाव्या काखेत स्टेथोस्कोप ठेवून हळूहळू मागे ओढायची. डावीकडे श्वास ऐकू आला की थांबायचं. नळीचं तिरकं तोंड पुढे फिरवायचं, म्हणजे तिची अखंड बाजू मागच्या भोकावर बसते. एवढं करून नळी चिकटवली, की बाळाला डाव्या कुशीवर वळवतात आणि ती पुन्हा हलते. हनुवटी खाली गेली तर नळी आत, मान मागे गेली तर बाहेर.

या सगळ्यात वेळ फार कमी. मोठ्या माणसाला मिनिटाला किलोमागे साधारण ३ ते ४ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, नवजाताला ६ ते ८. साठा मात्र थोडा. श्वास थांबला की सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघता बघता उतरतं.

टाकादोरा

बालशल्यचिकित्सक आहे. वरच्या प्रतिसादाशी सहमत, माझ्या बाजूने थोडी भर घालतो.

आम्ही उजव्या बाजूने, चौथ्या फासळीच्या खालून छाती उघडतो. जमेल तिथे फुप्फुसावरचं आवरण न फाडता, बाहेरूनच मागे जातो. अझायगस नावाची शीर आडवी येते, ती बांधून सोडवली की खाली फिस्टुला दिसतो. पहिलं काम तो बंद करण्याचं. नंतर वरचा बंद कप्पा मोकळा करून अन्ननलिकेची दोन टोकं जोडायची, नाकातून जठरात गेलेल्या बारीक नळीवर.

पण हे दिसावं म्हणून मी उजवं फुप्फुस दाबून बाजूला सारलेलं असतं. म्हणजे ज्या फुप्फुसांवर भूलतज्ज्ञ बाळाला जगवतोय त्यातलं एक मी काढून घेतलेलं असतं. माझा रिट्रॅक्टर (फुप्फुस बाजूला धरायचं अवजार) जरा जास्त आत गेला तर श्वासनलिकाच दबते. तीन-साडेतीन मिलिमीटरच्या नळीत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली तरी पुरते. अशा वेळी ऑक्सिमीटरच्या टिकटिकीचा सूर उतरत जातो, कार्बन डायऑक्साइडचा आलेख चपटा होतो आणि समोरून आवाज येतो, "सर, हात काढा." त्या क्षणी टाका अर्धवट असला तरी हात काढायचा, वाद घालायचा नाही. फुप्फुस फुगवू द्यायचं, सॅच्युरेशन वर आलं की पुन्हा सुरू. एका ऑपरेशनमध्ये असं अनेकदा होतं आणि ते बिघडल्याचं लक्षण नाही, ही त्या ऑपरेशनची पद्धतच आहे. बराच वेळ भूलतज्ज्ञ मशीन बाजूला ठेवून हातानेच बॅग देतात, कारण फुप्फुस कधी कडक झालं ते बोटांना आधी कळतं.

वारणाकाठ, बाळाचं इको (हृदयाची सोनोग्राफी) झालं ना? हृदयासाठी तर हवंच, शिवाय महाधमनीची कमान उजवीकडे वळलेली असेल तर कोणत्या बाजूने जायचं याचा पुन्हा विचार करावा लागतो.

वारणाकाठ (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. इको झालंय, छोटं छिद्र आहे पण चिंता नाही म्हणाले. कमान डावीकडेच आहे. किडनीची सोनोग्राफी आणि मणक्याचा एक्सरेही केला. ते कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

टाकादोरा

कारण हे दोष बऱ्याचदा जोडीने येतात: मणके, गुदद्वार, हृदय, किडनी, हाताची हाडं. त्या गटाला व्हॅक्टर्ल म्हणतात. निम्म्याच्या आसपास बाळांत आणखी काहीतरी सापडतं, म्हणून आधीच शोधायचं.

आबा_सातारकर

डॉक्टर मंडळींना नमस्कार. एक विचारतो, राग मानू नका. आमच्या घरातल्या जुन्या बायका म्हणतात ग्रहणात गर्भार बाईने काही चिरलं-कापलं तर बाळात असा दोष येतो. यात काही तथ्य?

भूलशास्त्री

आबा, बरं झालं विचारलंत, कारण हे बाळाच्या आईपर्यंत पोचलेलं असतं आणि ती मनात धरून बसते. यात काहीही तथ्य नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका सुरुवातीला एकच नळी असते. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना ती दोन नळ्यांत विभागते. ती विभागणी बिनसली की हा दोष. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस राहिल्याचंही नक्की कळलेलं नसतं. साधारण ३००० ते ४००० जन्मांमागे एका बाळात हे होतं, ग्रहण मानणाऱ्या देशात आणि न मानणाऱ्या देशातही. वारणाकाठ, बहिणीला हे तुम्ही स्वतः सांगा. आजच सांगा.

वारणाकाठ (धागाकर्ता)

सांगतो. सासरी कुजबुज चालू आहे, तुम्ही बरोबर ओळखलंत.

आबा_सातारकर

मीही घरी वाचून दाखवतो.

नॉटिंगहॅमकर

माझा मुलगा टीईएफचा, आता शाळेत जातो. जन्म इथेच, इंग्लंडमध्ये. तुमच्या भाच्यासारखाच प्रकार: वरचा कप्पा बंद, खालचा तुकडा श्वासनलिकेला. १०० पैकी सुमारे ८५ बाळांत हाच असतो.

पुढचं विचारलंत म्हणून सांगतो. ऑपरेशननंतर काही दिवस व्हेंटिलेटर होता. जोड गळतोय का ते औषध पाजून एक्सरेवर बघितलं, मग दूध सुरू. नंतर जोडाची जागा आकसली, फुग्याने रुंद करावी लागली, पुन्हा आकसली, पुन्हा केली. पहिली वर्षं मांस, सफरचंद, पाव सगळं अडकायचं. आता तो स्वतःच बारीक चावतो आणि मध्ये पाणी पितो.

आणि खोकला. श्वासनलिकेची भिंत मऊ असल्यामुळे कुत्रा भुंकतो तसा खोकला येतो. बसमध्ये लोक वळून बघायचे. त्याची आई मात्र म्हणते, याला गर्दीत हरवायची सोयच नाही, खोकला ऐकायचा आणि त्या दिशेने चालायचं! वयानुसार कमी होत गेला.

इथे पालकांची टॉफ्स नावाची संस्था १९८२ पासून आहे, तिचं कार्यालय आमच्याच शहरात. पहिल्या वर्षी आम्हाला डॉक्टरांइतकाच आधार तिथल्या पालकांचा झाला. मराठीत असं काही असेल तर सांगा, नसेल तर मी लागेल ती मदत करीन.

रेवा_ठाकूर

पूर्वी ही बाळं जगतच नसत का? सहज कुतूहल.

टाकादोरा

जवळजवळ नाहीच. १६९७ साली थॉमस गिब्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने असं बाळ नेमकं वर्णन करून ठेवलं: गिळता येत नाही, सगळं परत येतं, ठसका लागतो. त्यानंतर जवळपास अडीच शतकं फक्त वर्णनंच होती. १९३९ मध्ये अमेरिकेत लॅड आणि लेव्हन या दोघांनी स्वतंत्रपणे टप्प्याटप्प्याच्या शस्त्रक्रियांनी पहिली बाळं वाचवली. आणि १९४१ मध्ये मिशिगनमध्ये कॅमेरॉन हाइट यांनी दोन टोकं एकाच ऑपरेशनमध्ये थेट जोडली, ती मुलगी जगली. आज आम्ही करतो ते मुळात तेच.

पुढे १९९४ मध्ये लंडनच्या स्पिट्झ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली विभागणी अजून वापरतात. वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त आणि हृदयाचा मोठा दोष नाही, अशा गटातली ९७ टक्के बाळं त्यांच्याकडे वाचली होती. दोन्हींपैकी एक अडचण असेल तर ५९ टक्के, दोन्ही असतील तर २२. आकडे जुने आहेत, मधल्या आणि शेवटच्या गटात नंतर सुधारणा झाली. वारणाकाठ, तुमचा भाचा पहिल्या गटात बसतो.

वारणाकाठ (धागाकर्ता)

हे दाजींना आत्ता वाचून दाखवलं. पहिल्यांदा काहीतरी खाल्लं त्यांनी.

बॅगमास्क

मीही भूलतज्ज्ञ, जिल्ह्याच्या ठिकाणी. धाग्याचा विषय टीईएफ आहे, पण श्वासमार्गाचा याहून दुर्मिळ दोष एकदा पाहिलाय, तो सांगतो, कारण त्यातून अवघडपणा कळतो.

सिझेरियन. बाळ बाहेर आलं, हातपाय हलवतंय, छाती ओढून श्वास घेण्याचा आटापिटा करतंय, पण रडण्याचा आवाज नाही. मास्कने बॅग दिली तर रंग सुधारतोय. मी लॅरिंजोस्कोपने बघितलं, स्वरयंत्र दिसलं, नळी आत गेली आणि पुढे सरकेना. लहान नळी घेतली, तीही नाही. शेवटी अन्ननलिकेत नळी ठेवली आणि बॅग दिली तर छाती हलली, दोन्ही बाजूंना श्वास ऐकू आला. बाळाला श्वासनलिकाच नव्हती. दोन्ही फाटे खाली एकत्र येऊन अन्ननलिकेत उघडत होते, हवा त्या वाटेने जात होती. याला ट्रॅकिअल एजेनेसिस म्हणतात. सगळ्या पुस्तकांत आम्हाला शिकवतात की नळी अन्ननलिकेत गेली तर ताबडतोब काढा. इथे तीच एक वाट होती. मोठ्या केंद्राशी फोनवर बोललो, आईवडिलांना सगळं सांगितलं. बाळ त्याच दिवशी गेलं. जगात अशी फार थोडी बाळं दीर्घकाळ जगली आहेत.

आवाज न करणारं पण धडपडणारं बाळ, हे चित्र प्रसूतिगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असावं असं मला वाटतं.

सायली_नगर

वाचून गलबलून आलं. त्या आईबाबांना कुणीतरी खरं सांगितलं, हे फार महत्त्वाचं.

बालचिकित्सक_परभणी

बॅगमास्क, हे लिहिल्याबद्दल आभार. असाच पटकन ओळखता येणारा आणखी एक दोष: दोन्ही नाकपुड्या मागून बंद असणं, म्हणजे कोअॅनल अॅट्रेसिया. रडताना बाळ गुलाबी, शांत झालं की निळं. कारण नवजात बाळं नाकानेच श्वास घेतात, रडताना तेवढं तोंड उघडतं. तोंडात एअरवे (तोंडातून श्वासाची वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) ठेवला की बाळ सुधारतं आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळतो.

सिस्टर_मंगल

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नोकरी करते. माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक बाळाला पहिल्या दुधाआधी नळी घालून बघावी. मिनिटाचं काम. टीईएफचं बाळ दूध पाजल्यानंतर आमच्याकडे येतं तेव्हा छाती भरलेली असते, न्यूमोनिया झालेला असतो, ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. दूध पाजण्याआधी ओळखलेलं बाळ किती वेगळं असतं हे मी रोज बघते.

बालचिकित्सक_परभणी

सिस्टर, तुमची तळमळ कळते, पण सरसकट नळीशी असहमत. घशात नळी घातली की नवजाताचे ठोके मंदावू शकतात, श्वास अडखळू शकतो. म्हणूनच रडणाऱ्या, धडधाकट बाळाचं जन्मल्याबरोबर सक्शन करणंही आता थांबवलंय. हजारो बाळांना त्रास देऊन एक शोधण्यापेक्षा ज्यांच्यात शंका आहे त्यांनाच घाला: गर्भजल जास्त होतं, सोनोग्राफीत जठर दिसत नव्हतं, तोंडातून फेस थांबत नाही.

सिस्टर_मंगल

डॉक्टर, जिथे सोनोग्राफी एकदाच झालेली असते आणि प्रसूतीनंतर बाळाकडे बघायला एकच बाई असते, तिथे फेस कोण बघणार?

बालचिकित्सक_परभणी

हा मुद्दा मान्य. मग तिथे नळीपेक्षा आधी त्या एका बाईला फेस ओळखायला शिकवू. आणि शंका आली तर दूध बंद, डोकं उंच, वरच्या कप्प्याचं सक्शन चालू आणि मास्कने बॅग शक्यतो नाही, हे चार मुद्दे भिंतीवर लावू.

सिस्टर_मंगल

चालेल. आमच्या युनिटच्या भिंतीवर मी हाताने लिहून लावते.

टाकादोरा

आणि नळी घालाल तेव्हा जरा जाड, ताठ घ्या. फार बारीक, मऊ नळी कप्प्यात गुंडाळी होऊन बसते आणि पोटात गेल्यासारखी वाटते.

भूलशास्त्री

अवांतर होतंय, पण टाकादोरा यांना विचारते. फिस्टुला बांधण्याआधी तुम्ही ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करता का? मी तरी प्रत्येक बाळात आग्रह धरते. भोक कुठे आहे, किती मोठं, वरच्या कप्प्यालाही दुसरं भोक आहे का, हे आधी कळतं. मोठं भोक कॅरिनापाशी असेल तर त्यात बारीक फोगार्टी कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी) घालून फुगा फुगवता येतो, म्हणजे गळतीच बंद.

टाकादोरा

जिथे तेवढी बारीक दुर्बीण आणि ती हाताळणारा माणूस आहे तिथे करतो. नाही तिथे अडून बसत नाही. नाजूक बाळात दुर्बीण फिरवताना सॅच्युरेशन घसरलं तर मिळालेल्या माहितीची किंमत जास्त पडते.

बॅगमास्क

आमच्याकडे ती दुर्बीण नाही. म्हणून टीईएफ आम्ही करत नाही, स्थिर करून पुढे पाठवतो. पटो न पटो, बाळाच्या हिताचं तेच आहे.

रेवा_ठाकूर

खर्चाचं काय, दादा? महात्मा फुले योजनेत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आईचं आधारकार्ड जवळ ठेवा. मुंबईत असतात त्यांच्यासाठी परळचं वाडिया रुग्णालय आहे, १९२९ पासून फक्त मुलांचंच.

वारणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, ऑपरेशन झालं. फिस्टुला बंद केला, दोन्ही टोकं जोडता आली, फार ताण नाही म्हणाले. बाळ व्हेंटिलेटरवर आहे.

भूलतज्ज्ञ मॅडम बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना डाव्या काखेतल्या स्टेथोस्कोपचं विचारलं. त्या चकित झाल्या, मग म्हणाल्या, "तो चिकटपट्टीने लावूनच ठेवला होता, पूर्ण वेळ." मधे दोनदा सर्जनना हात काढायला सांगावं लागलं, हेही सांगितलं. इथलं वाचलं नसतं तर ते ऐकून पाय गळाले असते. दाजींनी त्यांच्याशी बराच वेळ बोलून सगळं विचारून घेतलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

बहिणीला ग्रहणाचं सांगितलं. खूप रडली, मग झोपली.

आता पुढे आम्ही काय सांभाळायचं?

सिस्टर_मंगल

अभिनंदन भाऊ! आत जायला मिळेल तेव्हा एवढं बघा. बाळाच्या नाकातली नळी चुकून निघाली तर ती कुणीही घाईने परत घालायची नाही, सर्जनना बोलवायचं. आंधळेपणाने घातलेली नळी जोड फाडू शकते. सक्शन किती खोल करायचं याची खूण पेटीवर लिहिलेली असते, त्यापुढे नाही. मान मागे ताणली जाऊ द्यायची नाही, जोडावर ओढ येते. आणि ताईला आतापासूनच दूध काढून साठवायला सांगा, पहिल्या काही दिवसांत पान्हा टिकवला तर पुढे बाळाला तेच मिळतं.

नॉटिंगहॅमकर

अभिनंदन! मला निरोप पाठवा, दाजींशी फोनवर बोलतो. बाबा म्हणून विचारायचे प्रश्न वेगळे असतात.

टाकादोरा

छान बातमी. साधारण पाच ते सात दिवसांनी औषध पाजून एक्सरे काढतील, गळती नसेल तर तोंडाने दूध. घरी गेल्यावर दूध प्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, लाळ पुन्हा गळू लागली, तर जोड आकसलाय असं समजून लगेच दाखवा. पिताना किंवा रडताना निळं पडलं तर तासभरही थांबू नका. भुंकल्यासारखा खोकला अपेक्षित आहे. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधीही, कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर तो आधी भूलतज्ज्ञाला दाखवा; फिस्टुला बंद केलेल्या जागी कधी कधी छोटा कप्पा राहतो आणि नळीचं टोक त्यात शिरू शकतं.